नावाची पत आणि यंत्राची परीक्षा

बाजारात काही नावे अशी असतात, की ती उच्चारली म्हणजे पुढची चौकशी करावयाची गरजच उरली नाही, असे गिऱ्हाइकाला वाटू लागते. मोटारींच्या दुनियेत 'लेक्सस' हे असे एक नाव आहे. टोयोटा या जपानी कंपनीने १९८९ साली अमेरिकेत आणलेल्या या महागड्या गाड्या सहसा बिघडत नाहीत, हा लौकिक तीन दशकांहून अधिक काळ टिकून आहे. भारतात ही गाडी २०१७ मध्ये आली. पुढे २०२० पासून तिचे 'ईएस ३००एच' हे मॉडेल बंगळुरूजवळच्या बिडदी येथे, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात जुळविले जाऊ लागले.

ज्यांच्या वेतनश्रेणीत अशी गाडी कधी बसावयाची नाही, त्यांनी तिच्या बिघाडांची चर्चा का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की लेक्सस हा या विषयातील सर्वांत अनुकूल दाखला आहे. ज्या नावाची पत सर्वांत मोठी, त्याच नावाखाली मॉडेलामॉडेलांत किती अंतर असते हे एकदा कळले, म्हणजे पाच-सात वर्षांचे कर्ज काढून लहान गाडी घेणाऱ्या शिक्षकाने किंवा कारकुनाने केवळ कंपनीच्या नावावर किती विसंबावे, याचा अंदाज येतो. धनिकाची गाडी बंद पडली तर त्याची दुसरी उभी असते. नोकरदाराचा हप्ता मात्र गाडी गॅरेजमध्ये असतानाही चालूच राहतो.

निर्बंधातून जन्मलेली श्रीमंती

लेक्ससच्या जन्माची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. अमेरिकी मोटारउद्योगाला वाचविण्यासाठी १९८१ साली जपानने आपल्या मोटारींच्या निर्यातीवर 'स्वेच्छेने' मर्यादा घालून घेतली. वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्या, त्याहून अधिक नाहीत. ही मर्यादा संख्येवर होती, किमतीवर नव्हती. तेव्हा जितक्या गाड्या पाठविता येतात, तितक्यांतच अधिक नफा मिळवावयाचा तर प्रत्येक गाडी अधिक मोलाची केली पाहिजे, हा हिशेब ओघानेच आला. होंडाने १९८६ मध्ये 'अक्युरा' हे नाव काढले. टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी १९८३ मध्येच जगातील उत्तमोत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी बनविण्याचे काम आपल्या अभियंत्यांवर सोपविले होते. त्यातून १९८९ साली 'एलएस ४००' बाजारात आली. तिची मूळ किंमत होती ३५ हजार डॉलर, म्हणजे तुल्यबळ जर्मन गाड्यांपेक्षा बरीच कमी.

त्या वर्षीच्या डिसेंबरातच या नव्या गाडीत ब्रेकच्या दिव्याचा आणि वेग स्थिर राखणाऱ्या यंत्रणेचा दोष आढळला. कंपनीने विकलेल्या सुमारे ८ हजार गाड्या वीस दिवसांच्या आत दुरुस्त करून दिल्या. विक्रेत्यांची माणसे गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन गाडी घेऊन आली आणि धुऊन परत देऊन गेली. लेक्ससची पत ज्या प्रसंगाने पक्की झाली असे मानले जाते, तो प्रसंग निर्दोष गाडीचा नव्हता. दोष तत्परतेने मान्य करण्याचा होता. हा भेद पुढे विसरला गेला, आणि 'या गाडीत दोषच नसतो' अशी सोपी समजूत त्याच्या जागी आली.

एका छपराखालचे भेद

आता प्रत्यक्ष मॉडेलांकडे वळू. 'ईएस' ही मालिका टोयोटाच्या कॅमरी या सर्वसामान्य गाडीच्या सांगाड्यावर उभी आहे. आलिशान गाडीत स्वस्त गाडीचे भाग वापरले, म्हणून जाणकारांनी तिला अनेकदा नाके मुरडली. विश्वासार्हतेच्या दृष्टीने मात्र हीच तिची जमेची बाजू ठरली. जो भाग लाखोंच्या संख्येने तयार होतो, त्याचे दोष लवकर उघडे पडतात आणि लवकर दूरही होतात. थोड्या संख्येने बनणाऱ्या भागाला असे शिक्षण मिळत नाही.

पण हे शस्त्र दुधारी आहे. १९९७ ते २००२ या काळातील टोयोटाच्या काही इंजिनांत तेल घट्ट होऊन त्याचा गाळ साचू लागला. इंजिने सामाईक असल्याने हा दोष टोयोटाच्या साध्या गाड्यांबरोबर लेक्ससच्या 'ईएस ३००' आणि 'आरएक्स ३००' या मॉडेलांतही उतरला. सुमारे ३३ लाख वाहनांसाठी कंपनीला २००२ मध्ये खास दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. गुण सामाईक असतात तेव्हा दोषही सामाईक होतात, एवढाच त्याचा अर्थ.

याहून बोलका दाखला 'आयएस' मालिकेचा आहे. २००५ साली या मालिकेतील 'आयएस २५०' आणि 'आयएस ३५०' ही दोन मॉडेले बाजारात आली. बाह्यरूप एक, सांगाडा एक, बोधचिन्ह एक. फरक इंजिनात होता. 'आयएस २५०'च्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. त्यामुळे हवा आत घेणाऱ्या झडपांवर पेट्रोलचा शिडकावा होत नसे; त्या धुतल्या न गेल्याने त्यांवर काजळीचे थर बसत, इंजिन अडखळत चाले. 'आयएस ३५०'मध्ये पेट्रोल फवारण्याची सोय दोन ठिकाणी होती, सिलिंडरमध्ये आणि झडपांच्या अलीकडेही. त्यामुळे झडपा धुतल्या जात आणि ही व्याधी तिला सहसा जडली नाही. कंपनीची सरासरी काढून हा भेद कोणाला कसा दिसावा? 'लेक्सस घ्या' हा सल्ला येथे निरुपयोगी आहे. 'कोणती घ्या' हाच सल्ला कामाचा.

तिसरी तुलना मोठ्या गाड्यांची. 'जीएक्स ४६०' हे मॉडेल २००९ पासून २०२३ पर्यंत ४.६ लिटरच्या त्याच आठ सिलिंडरी इंजिनावर विकले गेले. पेट्रोल पिण्यात उदार आणि तंत्रदृष्ट्या मागासलेले. परंतु दणकट म्हणून त्याची ख्याती झाली. 'एलएक्स ५७०' या मॉडेलाचेही तसेच. पुढे इंधनाची बचत आणि धुराचे कडक निर्बंध यांच्यापायी 'एलएक्स ६००'मध्ये सहा सिलिंडरचे, दोन टर्बो जोडलेले नवे इंजिन आले. २०२४ साली टोयोटाला टंड्रा ही मालवाहू गाडी आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इंजिन घडविताना आत राहून गेलेला धातूचा कीस बेअरिंगमध्ये जाऊन इंजिन बंद पडण्याचा धोका निर्माण झाला होता. कंपनी तीच आणि शिस्तही तीच. फक्त इंजिन नवे होते.

यावरून नवे ते सारे ठिसूळ, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही चुकेल. पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड देणारी संकरित यंत्रणा लेक्ससमध्ये २००५ च्या 'आरएक्स ४००एच'पासून आली. दुहेरी यंत्रणा म्हणजे दुप्पट बिघाड, असे तर्काला वाटते. अनुभव वेगळा निघाला. कारण टोयोटाच्या या रचनेत वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही, नेहमीचा क्लच नाही; गिअरबॉक्सच्या जागी ग्रहमालेसारखे फिरणाऱ्या चक्रांचा एक साधा संच आहे. झिजणारे भाग वाढण्याऐवजी काही बाबतींत कमी झाले. शिवाय लेक्ससमध्ये येण्यापूर्वी ही यंत्रणा १९९७ पासून 'प्रियस' या साध्या गाडीत रुळलेली होती. म्हणजे भागांची संख्या किंवा तंत्राची नवलाई यांपेक्षा, तो भाग प्रत्यक्ष रस्त्यावर किती काळ आणि किती संख्येने पारखला गेला आहे, यावर विश्वासार्हता अधिक अवलंबून असते.

मोजपट्टी कोण तपासणार?

हे सारे ठीक. पण विश्वासार्हता मोजावयाची कशी? अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मूळ मालकांना विचारून दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते प्रसिद्ध करते. २०२५ च्या अहवालात लेक्ससचा आकडा १४० होता आणि सर्व कंपन्यांची सरासरी २०२. लेक्सस पहिल्या क्रमांकावर होती. आकडा खरा आहे, पण तो काय सांगतो ते नीट पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की या मोजणीत प्रत्येक तक्रारीचे वजन सारखेच. भ्रमणध्वनी गाडीच्या पडद्याशी जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स निकामी झाला हीही एकच तक्रार. अलीकडील अहवालांत पडदा, आवाज आणि जोडणी यांविषयीच्या तक्रारींनीच सर्वांत मोठी जागा व्यापली आहे. दुसरी गोष्ट, ही परीक्षा तीन वर्षांची आहे. गाळ, काजळी, झीज हे रोग बहुधा त्यानंतर दिसू लागतात. आणि तोवर बऱ्याच गाड्यांची हमीची मुदत संपत आलेली, मालकही बदललेला असतो. तिसरी गोष्ट, कंपनीचा एकत्रित आकडा खपाच्या प्रमाणात झुकतो. अमेरिकेत 'आरएक्स' वर्षाला लाखाच्या आसपास खपते, 'एलएस' जेमतेम काही हजार. तेव्हा कंपनीची सरासरी म्हणजे बव्हंशी 'आरएक्स'ची कहाणी. वर्गातील एका मोठ्या तुकडीचे गुण चांगले आले म्हणून प्रत्येक विद्यार्थी हुशार ठरत नाही, हे शिक्षकवाचकांना निराळे सांगावयास नको.

'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे १९३६ पासून निघणारे, जाहिराती न घेणारे अमेरिकी नियतकालिक तक्रारीच्या गांभीर्याचा विचार करते आणि मॉडेलवार, वर्षवार तक्ते देते. तेही सभासदांच्या पाहणीवर आधारलेले असल्याने थोड्या खपाच्या मॉडेलांपुढे त्याचे बळ कमी पडते. तथापि स्वतंत्र परीक्षकाचे मोल काय असते, हे २०१० मध्ये दिसून आले. त्या वर्षीच्या एप्रिलात याच नियतकालिकाने, वळणावर मागचा भाग धोकादायक रीतीने सरकतो या कारणास्तव 'जीएक्स ४६०' विकत घेऊ नका, असा इशारा दिला. कंपनीने विक्री थांबविली, नियंत्रणाची आज्ञावली सुधारली. बिघाड न होणारी गाडी आणि धोका न करणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यात होता.

तो धडा त्याआधीच्या वर्षी फार मोठी किंमत देऊन मिळालेला होता. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एका 'ईएस ३५०' गाडीचे वेगाचे पॅडल पायाखालच्या चटईत अडकले आणि चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर चटयांच्या प्रश्नावरून सुमारे ३८ लाख गाड्यांच्या बाबतीत कारवाई करावी लागली. पुढे २०१४ मध्ये, सुरक्षिततेविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याचे मान्य करून टोयोटाने अमेरिकी न्यायखात्याशी १२० कोटी डॉलरची तडजोड केली. १९८९ मध्ये दोष कबूल करून मिळविलेली पत वीस वर्षांनी दोष झाकण्याच्या कामी आली. पत हे भांडवल आहे, आणि भांडवलाचा उपयोग दोन्ही दिशांनी होऊ शकतो.

अज्ञानाचा बाजार

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. विकणाऱ्याला आपली गाडी कशी आहे ते ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही, वाईट गाडीचा मालक आनंदाने विकतो. परिणामी बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. अकरलॉफ यांनी त्यापूर्वी काही काळ भारतात काढला होता, आणि येथील सावकारी व मॅनेजिंग एजन्सी यांचे दाखलेही त्यांनी त्याच निबंधात दिले होते. २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हाच विचार होता.

या दुखण्यावर त्यांनी सांगितलेल्या उताऱ्यांपैकी एक म्हणजे नाममुद्रा, अर्थात कंपनीच्या नावाची पत. परंतु वर पाहिल्याप्रमाणे नाममुद्रा सरासरीच सांगते. ती मॉडेलांतला आणि वर्षांतला भेद झाकून टाकते. म्हणजे अज्ञान दूर करण्यासाठी जे साधन आले, ते अज्ञानाची जागा फक्त बदलते. उरलेले अज्ञान दूर करावयाचे तर सार्वजनिक माहितीवाचून गत्यंतर नाही.

जर्मनीत गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीतून कोणत्या मॉडेलाच्या, किती वर्षांच्या, किती टक्के गाड्यांत गंभीर दोष निघाले, याचा अहवाल ट्यूव्ह ही संस्था दरवर्षी काढते. तेथील एडीएसी हा वाहनधारकांचा संघ रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची मॉडेलवार आकडेवारी १९७८ पासून देत आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीचे निकाल जनतेला खुले आहेत. अमेरिकेने २००० साली कायदा करून हमीच्या दाव्यांची आणि अपघातांची माहिती सरकारला वेळोवेळी कळविण्याचे बंधन उत्पादकांवर घातले.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

भारतात काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलाविण्याचे कलम आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार सात वर्षांच्या आतील वाहनांच्या बाबतीत १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाची जबाबदारी स्पष्ट केली. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप'द्वारे धडकेतील सुरक्षिततेसाठी तारे देण्याची पद्धत सुरू झाली.

उणीव आहे ती अशी. परत बोलाविण्याचे कलम माणसाला किंवा पर्यावरणाला अपाय करणाऱ्या दोषांपुरते आहे. गाडी धोका करीत नाही, पण पाचव्या वर्षी गिअरबॉक्सपायी दोन-तीन महिन्यांचा पगार गिळते, या दुखण्याला त्यात जागा नाही. एनकॅपचे तारे नव्या कोऱ्या गाडीची परीक्षा घेतात. ती आठव्या वर्षी कशी असेल हे त्यांना सांगता येत नाही, आणि ते त्यांचे कामही नव्हे.

विशेष म्हणजे या माहितीचा मोठा भाग सरकारदरबारी आताही जमा होतो. टॅक्सी आणि इतर व्यापारी वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. टॅक्सी म्हणून धावणारी अनेक मॉडेले तीच असतात, जी मध्यमवर्ग घरासाठी घेतो. स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत आणि वाहनांची नोंदणी संगणकावर आहे. मालकाचे नाव व गाडीचा क्रमांक वगळून मॉडेल, उत्पादनाचे वर्ष, तपासणीत निघालेले दोष एवढीच माहिती दरवर्षी प्रसिद्ध केली, तर त्यासाठी नवा कर लागत नाही की नवे खाते काढावे लागत नाही. त्याच्या जोडीला हमीच्या मुदतीत बदललेल्या प्रमुख भागांची मॉडेलवार संख्या जाहीर करण्याचे बंधन उत्पादकांवर घालावे.

यावर कंपन्यांचे आक्षेप ठाऊक आहेत. गाडी कशी चालविली, रस्ते कसे होते, सर्व्हिसिंग वेळेवर झाले की नाही, यांवर बिघाड अवलंबून असतात. मग दोष आमच्या माथी का, असे त्या म्हणतील. आक्षेपात तथ्य आहे. परंतु वाईट रस्ते सर्वच मॉडेलांच्या वाट्याला येतात. हजारो गाड्यांच्या आकडेवारीत चालकांचे गुणदोष बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात आणि मॉडेलांमधील फरक उरतो. टॅक्सीचे आकडे टॅक्सीशीच ताडून पाहिले, तर उरलेली तक्रारही मिटते. आणि ही माहिती खोटी प्रतिमा निर्माण करील अशी भीती असेल, तर आज जाहिरातींनी निर्माण केलेली प्रतिमा खरी आहे असा दावा कोण करील?

महाराष्ट्राला या प्रश्नात निराळे स्थान आहे. चाकण, पिंपरी, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या भागांत मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत, आणि हजारो घरांची चूल त्यांवर पेटते. माहिती खुली झाल्याने या उद्योगाचे नुकसान होईल ही भीती अनाठायी आहे. ज्याचा माल टिकतो त्याला आज आपला टिकाऊपणा सिद्ध करण्याचे साधन नाही. स्वस्त आणि ठिसूळ मालाशी त्याला केवळ किमतीवर झुंजावे लागते. खुली आकडेवारी ही चांगल्या कारागिराच्या बाजूची असते.

लेक्ससचे गिऱ्हाईक श्रीमंत आहे. त्याच्याजवळ तक्ते आहेत, वकील आहेत, दुसरी गाडी आहे. तरीही 'आयएस २५०' घेणाऱ्या अनेकांची नावाने दिशाभूल केली. आपल्याकडचा खरेदीदार आयुष्यात एक किंवा दोन गाड्या घेतो. त्याला अनुभवाने शिकण्याची संधी नाही. इतरांच्या अनुभवावरच त्याला शिकावे लागते. तो अनुभव तपासणी केंद्रांच्या दप्तरांत आणि कंपन्यांच्या हमीच्या नोंदींत बंद असेल, तर त्याला उरते ते फक्त शेजाऱ्याचे मत आणि विक्रेत्याचे हास्य. गाडी कोणती घ्यावी हे सरकारने सांगू नये. पण ती निवडण्यापूर्वी पाहता येईल असा मॉडेलवार, वर्षवार तक्ता मात्र त्याने नागरिकाच्या हाती ठेवला पाहिजे.